सीडी३४ चा रिपोर्ट: रक्तातल्या स्टेम सेल नेमक्या मोजतात कशा?

अनगोळची_वैनी
नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या दिरांना मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) आहे. केमोच्या फेऱ्या झाल्या, आजार आटोक्यात आला आणि आता त्यांच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून त्यांनाच परत द्यायचं ठरलंय. उपचार बाहेरगावी चालू आहेत. आमचे हे आणि जाऊबाई तिकडे लॉजवर, मी दोन्ही घरची मुलं सांभाळत बेळगावात. काल व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो आले. त्यात असं आहे:

सकाळचं रक्त: सीडी३४ मायक्रोलिटरला ३८.
पिशवी: २१० मिली, सीडी३४ मायक्रोलिटरला १४००. पेशंटचं वजन ७० किलो. डोस किलोमागे ४२ लाख. जिवंत पेशी ९७ टक्के.
सीएफयू: रिपोर्ट बाकी.

तिथे विचारलं तर "चांगलं आहे, काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळालं आणि साहेब पुढच्या पेशंटकडे गेले. चांगलं आहे हे ऐकून बरं वाटलं, पण मी गणित शिकवते. एकाच माणसाच्या एकाच दिवसाच्या पेशींचे इतके वेगवेगळे आकडे का, आणि यातला खरा कुठला, हे समजल्याशिवाय झोप येईना. दुसरं म्हणजे, ही मोजणी आपल्या बेळगावात होत नाही का? नुसत्या तपासणीसाठी लोकांनी लॉजची भाडी किती दिवस भरायची?

लेक बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनेही सेमिनारला हाच विषय घेतलाय. जाणकारांनी सांगावं.

टिळकवाडी_एक्सप्रेस
वैनी, दिरांना लवकर आराम पडू दे. घरी आले की पहिला कुंदा माझ्याकडून. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतोय.

निपाणीकर_डॉक्टर
वैनी, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मूळचा निपाणीचा, सध्या पुण्यात. तुमच्या रिपोर्टमधले आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आधी सीडी३४ म्हणजे काय ते. पेशीच्या पृष्ठभागावरचं हे एक प्रथिन. १९८४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला कर्ट सिव्हिन यांच्या गटाने ते प्रथम दाखवलं. रक्त तयार करणाऱ्या कोवळ्या पेशींवर ते असतं आणि पेशी पक्व होत गेली की निघून जातं. म्हणून त्या पेशी ओळखायची खूण म्हणून ते वापरतात. अस्थिमज्जेत म्हणजे बोन मॅरोमध्ये साधारण शंभरात एक-दोन पेशींवर ही खूण सापडते. रोजच्या रक्तात मात्र मायक्रोलिटरला जेमतेम दोन-चार. म्हणून आधी काही दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात. त्याने मज्जेतल्या पेशी सुटून रक्तात येतात.

आता तुमचे ३८. हा सकाळच्या रक्तातला आकडा, आणि त्याचं काम एकच: रक्तातून पेशी वेगळ्या काढून पिशवीत भरणारं मशीन आज लावायचं की नाही हे ठरवणं. २० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी बिनधास्त लावतात. १० च्या खाली असेल तर थांबतात किंवा जादा औषध देतात.

पिशवीचा आकडा म्हणजे प्रत्यक्ष हाती किती आलं. किलोमागे २० लाख ही किमान मर्यादा धरतात. ५० लाखांपर्यंत गेलं तर प्लेटलेट लवकर वर येतात. ४२ लाख म्हणजे डॉक्टरांनी "चांगलं आहे" म्हटलं ते बरोबरच, पण दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. सीएफयूबद्दल, म्हणजे पेशी बशीत वाढवून बघायच्या तपासणीबद्दल, मी सध्या बोलत नाही, इथे त्यातले जाणकार आहेत.

अनगोळची_वैनी
डॉक्टरसाहेब, खूप आभार. पिशवीचं गणित करून पाहिलं. २१० मिली म्हणजे २ लाख १० हजार मायक्रोलिटर, गुणिले १४००, म्हणजे २९ कोटी ४० लाख. भागिले ७० म्हणजे बरोबर ४२ लाख. जुळलं. पण हे १४०० आणि ३८ मुळात मोजले कसे? इतक्या बारीक पेशी, त्याही इतक्या थोड्या.

सीडी४वाला
वैनी, मी चिक्कोडीचा. सरकारी एआरटी सेंटरात (एचआयव्हीच्या उपचार केंद्रात) सीडी४ पेशी मोजायचं काम बरीच वर्षं केलं, आता खाजगी लॅबमध्ये फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे चमकणाऱ्या पेशी एकेक करून मोजणाऱ्या मशीनवर, बसतो. तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रक्त घ्यायचं १०० मायक्रोलिटर. त्यात चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडं टाकायची, एक सीडी४५ ला (पांढऱ्या पेशींवरची खूण) चिकटणारं, एक सीडी३४ ला. लाल पेशी अमोनियम क्लोराइडने फोडायच्या. सातएएडी नावाचा रंग टाकायचा, तो मेलेल्या पेशीतच शिरतो, त्यामुळे जिवंत-मेलेलं वेगळं कळतं. तुमचे ९७ टक्के ते. आणि शेवटी मोजलेले मणी टाकायचे. समजा एकूण १ लाख मणी.

हे मणी कशाला? शेंगांच्या पोत्यात मोजून शंभर वाटाणे मिसळा. पोतं चांगलं हलवून ओंजळभर काढा. ओंजळीत पाच वाटाणे आले तर ती ओंजळ पोत्याचा विसावा हिस्सा. मग ओंजळीतल्या शेंगा मोजून विसाने गुणा की पोत्यातल्या कळल्या. मशीनमधून ५,००० मणी गेले म्हणजे नळीतला विसावा भाग गेला. तेवढ्यात सीडी३४ पेशी १९० दिसल्या, तर नळीत ३,८००. रक्त १०० मायक्रोलिटर होतं, म्हणून मायक्रोलिटरला ३८. झालं की ओ!

पण घोळ होतो तो पिपेटमध्ये. रक्त आणि मणी सारख्याच मापाने, सारख्याच हाताने पडले पाहिजेत. आम्ही पिपेटचं बटण खालपर्यंत दाबून जरा जास्त ओढून घेतो आणि सोडताना पहिल्या अडीलाच थांबतो. टोकात थोडं उरतं ते टाकून देतो. टोकाच्या बाहेर रक्ताचा थेंब लागलेला असला तर पुसायचा. तो थेंब राहिला की आकडा फुगतो. आणि मणी टाकल्यावर नळी धुवायची नाही, धुतली की पेशी वाहून जातात आणि सगळा हिशोब गेला.

सीडी४ मध्ये मायक्रोलिटरला पाचशे-हजार पेशी असतात, तिथे थोडं इकडेतिकडे झालेलं चालून जातं. इथे अडतीस. म्हणून जास्त वेळ चालवून कमीत कमी १०० सीडी३४ पेशी दिसल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, असा नियम.

निपाणीकर_डॉक्टर
फार छान. त्याला फक्त जोड देतो. चमकली की ती सीडी३४ पेशी, इतकं ते सोपं नाही. मेलेल्या पेशी, प्लेटलेटचे पुंजके, मोडतोड झालेला कचरा, हे सगळं चिकटून चमकू शकतं. त्यासाठी १९९६ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध झाली. इशेज म्हणतात तिला. आधी सीडी४५ असलेल्या पेशी घ्या. त्यातल्या सीडी३४ वाल्या घ्या. त्यातल्या ज्यांच्यावर सीडी४५ मंद चमकतं आणि ज्यांच्या आत दाणे कमी, तेवढ्याच ठेवा. मग आकाराने लिम्फोसाइटपेक्षा लहान असलेल्या वगळा. चार गाळण्यांतून जी उरते ती मोजायची. त्याआधी प्रत्येक लॅब आपापल्या पद्धतीने गाळायची आणि एकाच नमुन्याचे आकडे दोन गावांत दोन यायचे. १९९८ मध्ये त्यातच मण्यांची पद्धत जोडली, म्हणजे दुसऱ्या मशीनवर पांढऱ्या पेशी मोजून गुणाकार करायची गरज संपली.

वैनी, गणिताच्या माणसाला आणखी एक सांगायला हवं. १९० पेशी मोजल्या तर त्याचं वर्गमूळ साधारण १४. म्हणजे सात टक्के इकडेतिकडे हे निव्वळ योगायोगानेच होणार, लॅब कितीही चोख असो. तुमचे ३८ म्हणजे साधारण ३५ ते ४१ असं वाचा. घरी काही लोक "काल ३८ होते, आज ३६ झाले" म्हणून रडायला लागतात. त्यात रडण्यासारखं काहीच नसतं.

येळ्ळूरचा_गडी
आमच्या मेव्हण्याचंबी हेच झालतं. पहिल्या सकाळी आकडा आला ६. घरात सगळ्यांची तोंडं उतरली. मग डॉक्टर म्हणाले रात्री एक वेगळं इंजेक्शन देतो. लई महाग होतं ते. दुसऱ्या सकाळी २७. मशीन लावलं, एका बैठकीत काम झालं. आता गडी शेतात जातोय, बटाटं लावलंय यंदा. वैनी, घाबरू नका.

निपाणीकर_डॉक्टर
ते प्लेरिक्साफॉर. पेशी मज्जेत ज्या धाग्याने धरून ठेवलेल्या असतात तो धागा ते सोडवतं. २००८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. रात्री देतात कारण परिणाम दहा-अकरा तासांनी शिगेला पोचतो. वैनींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. सकाळी सहाला रक्त, नऊच्या आत आकडा, दहाला मशीन. दुपारपर्यंत थांबलात तर तो आकडा शिळा. ही मोजणी बेळगावात करून तिकडे कळवणं किंवा तिथलं रक्त इथे आणणं, दोन्ही जमणारं नाही. जिथे पेशी काढतात तिथेच, शक्यतो त्याच इमारतीत मोजायला हवी.

शहापूर_पेठ
डॉक्टर, हे पटलं नाही. सीडी४ ची मशीनं सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात दिली. मग ही का नाही? सगळं पुण्या-बंगळूरलाच का? आपल्या भागाच्या नशिबी कायम मिरज, पुणे, बंगळूर, वेल्लोरच्या वाऱ्या. तिकडे महाराष्ट्रात गेलं तर म्हणतात कर्नाटकातले, इकडे फॉर्म सगळे कन्नडमध्ये, म्हातारी माणसं सही कशावर करतात तेच त्यांना कळत नाही.

टिळकवाडी_एक्सप्रेस
फॉर्मच्या बाबतीत +१. आमच्या आज्जीला मीच वाचून दाखवला, माझं कन्नड शाळेपुरतं आणि तिला तेवढंही नाही.

धागा_व्यवस्थापक
मंडळी, सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे आणि तो भरपूर लांब आहे. इथे वैनींच्या रिपोर्टवर राहू या. संमतीपत्र समजेल अशा भाषेत मागणं हा पेशंटचा हक्क आहे, ते जरूर मागा.

सीडी४वाला
शहापूर_पेठ दादा, तुमचं दुखणं कळतं, मीही ह्याच जिल्ह्यातला. पण सीडी४ चं मशीन रोज पेशंट येणार म्हणून दिलं होतं. सीडी३४ चं किट उघडलं की मुदत सुरू होते. महिन्यातनं दोन नमुने आले तर निम्मं किट फेकायला लागतं, आणि हातालाही सवय राहत नाही. मागणी करायची तर पेशी काढायचं मशीन, उणे ८० चं फ्रीझर आणि ट्रान्सप्लांटच्या खोल्या सगळ्यासकट करा. नुसतं मोजायचं मशीन आणून पेशंटचा हेलपाटा वाचत नाही.

खानापूर_ते_बंगळूर
उशिरा आले धाग्यावर. मी रक्ताच्या पेशींवरच संशोधन करते. मोजणीचं आतापर्यंतचं सगळं बरोबर आहे, पण महत्त्वाचं अजून कुणी बोललं नाही: सीडी३४ म्हणजे स्टेम सेल नव्हे. ती खूण आहे. ती ज्यांच्यावर आहे त्यातल्या बहुतेक पेशी लाल किंवा पांढरी अशा एखाददुसऱ्या फांदीवर आधीच वळलेल्या असतात. त्या काही आठवडे रक्त देतील आणि संपतील. आयुष्यभर रक्त देणाऱ्या त्यांत फार थोड्या. मशीन पेशीचा चेहरा बघतं. ती काय करू शकते हे बघायचं तर तिला वाढवूनच बघावं लागतं. वैनींच्या रिपोर्टमधलं सीएफयू ते.

त्याचा इतिहास मला फार आवडतो, म्हणून सांगते. १९६१ मध्ये टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलक यांनी उंदरांची मज्जा किरणांनी मारून टाकली आणि दुसऱ्या उंदरांची मज्जा मोजून टोचली. दहा-अकरा दिवसांनी प्लीहा काढून बघितल्या तर वर गाठी. जितक्या पेशी जास्त टोचल्या तितक्या गाठी जास्त, सरळ रेषेत. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. १९६३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की एक गाठ म्हणजे एकाच पेशीची प्रजा. रक्ताची स्टेम सेल मोजता येते हे तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झालं. पुढे कळलं की त्या गाठी देणाऱ्या बऱ्याच पेशी दीर्घकाळ टिकणाऱ्या नव्हत्या, पण मोजायची वाट त्यांनीच पाडली.

मग उंदराशिवाय, बशीत. १९६५ मध्ये इस्रायलला प्लुझनिक आणि साक्स, १९६६ मध्ये मेलबर्नला ब्रॅडली आणि मेटकाफ. त्यांनी पेशी आगरच्या जेलीत वाढवल्या. पण शेजारी विशिष्ट पेशींचा थर असेल तरच कॉलनी (एका पेशीपासून वाढलेला पुंजका) वाढायची. त्या थरातून काय पाझरतं ते शोधत पुढची वीस वर्षं गेली आणि त्यातूनच जी-सीएसएफ हाती आलं. वैनी, तुमच्या दिरांना टोचलेलं इंजेक्शन या कॉलनी मोजण्याच्या कामातून जन्मलेलं आहे.

आज आम्ही मिथिलसेल्युलोज वापरतो. मधाहून घट्ट, पिपेटने ओढलं जात नाही, बोथट सुई लावलेल्या सिरिंजनेच घ्यावं लागतं. घाई केली की बुडबुडे, आणि बुडबुड्याखालची कॉलनी दिसत नाही. छोट्या दोन बश्यांत पेशी आणि तिसऱ्या उघड्या बशीत नुसतं पाणी, तिन्ही एका मोठ्या बशीत. ते पाणी नसेल तर माध्यम कडेने सुकतं. ३७ अंश, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, १४ दिवस. मग सूक्ष्मदर्शकाखाली चौकटी आखलेल्या बशीत एकेक कॉलनी मोजायची. लाल पेशींच्या कॉलनी विटकरी, द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात, रंगवायलाही लागत नाहीत. पांढऱ्या पेशींच्या पसरट, विखुरलेल्या. दोघी जणी मोजायला बसलो की सीमेवरच्या कॉलनीवरून वाद ठरलेला: ही एक मोठी की चिकटलेल्या दोन?

निपाणीकर_डॉक्टर
अक्का, सुंदर लिहिलंत. पण दवाखान्याच्या बाजूने बोलायला हवं. १४ दिवसांनी येणारा आकडा मला ट्रान्सप्लांटच्या सकाळी काय कामाचा? आपल्याकडे मायलोमात बरीच सेंटरं पेशी गोठवतही नाहीत, चार अंशाला ठेवून दोन दिवसांत परत देतात. सीएफयूचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंटच्या पांढऱ्या पेशी वर यायला लागलेल्या असतात. शिवाय दोघी मोजायला बसलात की कॉलनीच्या आकड्यावरून वाद होतो, हे तुम्हीच सांगितलंत. निर्णय सीडी३४ आणि जिवंत पेशींवर होतो. वैनींनी सीएफयूची वाट बघत जागरण करू नये.

खानापूर_ते_बंगळूर
ताज्या पिशवीपुरतं पूर्ण सहमत. पण गोठवलेल्या पिशवीचं काय? वितळवल्यावर पेशी जिवंत दिसते, रंग आत शिरत नाही, पण तिची विभागायची ताकद गेलेली असते. सातएएडीला ती कळत नाही, बशीत कळते. वर्षानुवर्षं ठेवलेल्या नाळेच्या रक्तासाठी तर कॉलनी वाढवून बघितल्याशिवाय पिशवीवर भरवसा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. संथ आहे म्हणून तपासणी निरुपयोगी ठरत नाही.

शहापूर_पेठ
नाळेच्या रक्ताचा विषय निघालाच आहे तर. सुनेच्या सातव्या महिन्यात एक एजंट घरी आला. बाळाच्या नाळेतलं रक्त जपून ठेवा, पुढे कॅन्सर झाला तर बाळाचाच विमा. हप्त्याचे कागद सोबतच. आमच्या हिने विचारलं, पिशवीत किती पेशी येतात, तर त्याला सांगता येईना. "लाखो" म्हणाला. हे खरं की लुबाडणूक?

निपाणीकर_डॉक्टर
कागद परत द्या. स्वतःच्या भावी आजारासाठी खाजगी बँकेत नाळेचं रक्त ठेवण्याची शिफारस आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत केलेली नाही. बाळाला पुढे ल्युकेमिया झालाच तर त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तो बिघाड आधीपासून असू शकतो, म्हणजे त्या देता येत नाहीत. नाळेच्या रक्ताचा उपयोग खरा आहे, पण दुसऱ्यासाठी. पहिलं असं प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसला झालं, तेही बहिणीच्या नाळेचं रक्त भावाला, फँकोनी ॲनिमिया या जन्मजात मज्जा निकामी करणाऱ्या आजारासाठी. घरात आधीच एक मूल अशा आजाराने आजारी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांना विचारा. आणि "लाखो" हे उत्तर नव्हे. एकूण केंद्रक असलेल्या पेशी किती, सीडी३४ किती, जिवंत किती, कॉलनी वाढल्या का, हे चार आकडे ज्याला देता येत नाहीत त्याने पैसे मागू नयेत.

निवृत्त_कॅम्प
मी मुंबईत रक्तपेढीत होतो, निवृत्तीनंतर कॅम्पात राहतो. जुन्या लोकांसाठी थोडं. आपल्या देशात पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईत टाटाला झालं. तेव्हा सीडी३४ कुठलं? कमरेच्या हाडातून मज्जा ओढायची, आणि न्यूबाउर चेंबरच्या काचेवर केंद्रक असलेल्या सगळ्याच पेशी डोळ्यांनी मोजायच्या. किलोमागे वीस ते चाळीस कोटी पेशी हव्यात असा हिशोब. त्यातल्या स्टेम सेल किती हे कुणालाच दिसत नव्हतं. पुरेशी मज्जा दिली की त्यात त्या असणारच, या भरवशावर काम चालायचं आणि पेशंट बरे व्हायचे. हातमोजणीचा क्लिकर माझ्याकडे अजून आहे.

संकेश्वरी
वाचनखूण साठवली. माझा प्रश्न: मी भावाला स्टेम सेल दिल्या होत्या. इतके कोटी काढल्या तर माझ्यात कमी पडणार नाहीत ना? घरात सासूबाई अजून म्हणतात, अशक्तपणा त्यामुळेच.

निपाणीकर_डॉक्टर
ताई, नाही. मशीन घेतं तो एकूण साठ्याचा छोटासा हिस्सा, आणि मज्जा तो भरून काढते. इंजेक्शनच्या दिवसांत हाडं दुखतात, ते थांबतं. आता अशक्तपणा असेल तर साधा सीबीसी आणि फेरिटिन करून घ्या, कारण दुसरंच असेल. आणि भावाला दिल्यात, फार मोठं काम केलंत.

अनगोळची_लेक
मी वैनींची लेक. आईच्या लॉगिनचा कंटाळा आला म्हणून स्वतःचं काढलं. खानापूरच्या अक्का, मग *खऱ्या* स्टेम सेल मोजता येतात का? सेमिनारमध्ये मॅडम हेच विचारणार.

खानापूर_ते_बंगळूर
येतात, पण सावकाश आणि महाग. खरी स्टेम सेल तीच जी रिकाम्या मज्जेत जाऊन महिनोन्‌महिने सगळ्या प्रकारचं रक्त देते. तेव्हा ती तिथे घालूनच बघावी लागते. प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर घ्यायचे, मानवी पेशी वेगवेगळ्या डोसमध्ये टोचायच्या, सोळा आठवडे थांबून बघायचं की कुठल्या उंदरात मानवी रक्त आहे आणि कुठल्यात नाही. मग त्या उंदराची मज्जा दुसऱ्या उंदरात. तिथेही रक्त आलं तर मानायचं.

उंदरात किती स्टेम सेल गेल्या हे दिसत नाही, फक्त "आलं" की "नाही आलं" कळतं. इथे आईला विचार. ज्या डोसला सरासरी एक स्टेम सेल पडते, त्या डोसला योगायोगाने ३७ टक्के उंदीर रिकामे राहतात. e च्या उणे एक घाताचं ते गणित. म्हणजे डोस कमी-जास्त करत जायचं आणि ज्या डोसला ३७ टक्के रिकामे, तेवढ्या पेशींत एक स्टेम सेल.

टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने १९९७ मध्ये असं मोजलं. नाळेच्या रक्तात ९.३ लाख पेशींमागे एक, मोठ्या माणसाच्या मज्जेत ३० लाखांमागे एक, आणि जी-सीएसएफ देऊन काढलेल्या रक्तात ६० लाखांमागे एक. त्याच गटाने २०११ मध्ये सीडी४९एफ ही आणखी खूण लावून अशा पेशी गोळा केल्या की एकेक टोचली तर दहातल्या साधारण एकीने उंदरात रक्त उभं केलं. त्यांच्यावरही सीडी३४ असतंच, पण फक्त सीडी३४ बघून त्या गर्दीतून निवडता येत नाहीत.

अनगोळची_वैनी
३७ टक्के लगेच कळलं, पॉसाँ! बारावीला शिकवताना मी टेलिफोनच्या कॉलची उदाहरणं देते, पुढच्या वर्षी हे देणार.

अनगोळची_लेक
आणि एका माणसात एकूण किती?

खानापूर_ते_बंगळूर
२०१८ मध्ये केंब्रिजच्या गटाने ५९ वर्षांच्या एका निरोगी माणसावर काम केलं. एकेका पेशीपासून कॉलनी वाढवल्या, १४० कॉलनींचा पूर्ण जीनोम वाचला. आयुष्यभरात प्रत्येक पेशीत जे बारीक बदल साठतात त्यावरून पेशींची वंशावळ मांडली आणि हिशोब काढला: एका वेळी रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल ५० हजार ते २ लाखांच्या दरम्यान. माणसाला काहीही न टोचता. आणि बघ, इथेही कॉलनी लागल्याच. डॉक्टरसाहेब वाचताहेत ना?

निपाणीकर_डॉक्टर
वाचतोय. संशोधनात कॉलनीला पर्याय नाही, मान्य. ट्रान्सप्लांटच्या सकाळी माझ्या टेबलावर मात्र सीडी३४ च.

सीडी४वाला
अवांतर: आता मोठ्या सीबीसी मशीनवरही एचपीसी नावाचा, रक्तातल्या कोवळ्या पेशींचा अंदाज देणारा आकडा येतो. प्रतिपिंड नको, मणी नको, काही मिनिटांत निकाल. पिशवीसाठी चालत नाही, पण आज सकाळी सीडी३४ लावायची वेळ झाली का हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. खर्च कमी. असं मशीन जिल्ह्याच्या लॅबला परवडू शकतं. शहापूर_पेठ दादा, मागणी करायचीच तर ह्याची करा.

शहापूर_पेठ
लिहून घेतलं. निवेदनात टाकतो. एजंटाचे कागदही परत केले.

अनगोळची_वैनी
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दिरांना पेशी दिल्या. मधले दिवस फार वाईट गेले, तोंड आलं, पाणीही गिळवत नव्हतं. आता न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५०० च्या वर आहेत. डॉक्टर म्हणाले पेशी रुजल्या. सीएफयूचा रिपोर्ट त्यानंतर दोन दिवसांनी आला, कॉलनी चांगल्या वाढल्यात.

आणखी एक गणित मांडलं, तपासून सांगा. मशीनमधून साधारण १५ लिटर रक्त फिरवलं असं जाऊबाई म्हणाल्या. ते दीड कोटी मायक्रोलिटर. गुणिले ३८ म्हणजे ५७ कोटी. पिशवीत आल्या २९ कोटी ४० लाख. म्हणजे मशीनने निम्म्याहून थोड्या जास्त पकडल्या. असं असतं का?

सीडी४वाला
असंच असतं वैनी. सगळ्याच्या सगळ्या कधीच पकडल्या जात नाहीत. आणि मशीन चालू असताना मज्जेतनं नव्या येतच असतात, त्यामुळे हा हिशोब ढोबळ. पण रिपोर्ट एकमेकांना धरून आहे. आमच्याकडं हा ताळा घेतल्याशिवाय सही होत नाही.

येळ्ळूरचा_गडी
लई बरं वाटलं वाचून. घरी आल्यावर महिनाभर बाहेरचं खाणं नको, मुलांना सर्दी असली तर लांब ठेवा. आमच्यात मेव्हण्याच्या आईनं दारातच बादली आणि साबण ठेवलता.

टिळकवाडी_एक्सप्रेस
म्हणजे कुंदा महिन्यानंतर. लक्षात ठेवलंय.

अनगोळची_लेक
सेमिनार शुक्रवारी आहे. आठ स्लाइड झाल्यात, पाचवीवर "९.३ लाखांत एक" असं मोठ्या अक्षरांत टाकलंय.

खानापूर_ते_बंगळूर
त्याखाली "नाळेच्या रक्तातल्या मोनोन्यूक्लिअर पेशी, त्या जातीच्या उंदरात मोजलेल्या" असं लिही. उंदराची जात बदलली की आकडा बदलतो, आणि मॅडमनी विचारलंच तर हेच विचारतील. स्लाइड मला पाठव, गुरुवारी रात्री बघून ठेवते.